कोकणातल्या वीजकेंद्राचा हीट रेट मोजताना

जयगड, डहाणू, उरण, अंजनवेल, पोफळी. कोळसा, वायू आणि पाणी, तिन्हींवर चालणारी वीजकेंद्रं कोकणपट्टीत आहेत. कार्यक्षमता विचारली की प्रत्येक ठिकाणाहून एक आकडा मिळतो. तो जनरेटरच्या टोकाशी मोजलेला आहे की केंद्राबाहेर जाणाऱ्या तारेवर, इंधनाची उष्णता कशी धरली, त्या वेळी हवा आणि समुद्राचं पाणी किती अंशावर होतं, एवढं कळल्याशिवाय दोन केंद्रांची तुलना करू नये. खरं तर एकाच केंद्राच्या दोन महिन्यांचीही करू नये.

हिशेब साधा आहे. एक युनिट विजेत ८६० किलोकॅलरी उष्णता असते. ते एक युनिट तयार करायला इंधनाच्या रूपात किती किलोकॅलरी खर्च झाल्या, तो हीट रेट. २,३०० हीट रेट असेल तर ८६० भागिले २,३००, म्हणजे ३७.४ टक्के. पण पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या गिरण्या चालवायला केंद्र स्वतःच साडेआठ टक्के वीज वापरत असेल, तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक युनिटमागे २,५१४ किलोकॅलरी पडतात आणि टक्केवारी ३४.२ वर येते. केंद्र तेच, दिवसही तोच, आणि दोन्ही आकडे खरे.

दुसरा घोळ जीसीव्ही (इंधनाचा एकूण उष्मांक) आणि एनसीव्ही (निव्वळ उष्मांक) यांचा. इंधनातल्या हायड्रोजनपासून तयार होणारी वाफ चिमणीतून निघून जाते. तिच्यातली उष्णता हिशेबात धरली तर जीसीव्ही, सोडून दिली तर एनसीव्ही. नैसर्गिक वायूत हा फरक सुमारे ११ टक्के असतो. वायूवर चालणाऱ्या संयुक्त चक्राच्या (गॅस टर्बाइनच्या उष्णतेवर वाफेचं टर्बाइनही चालवणाऱ्या) संचाची ५६ टक्के कार्यक्षमता एनसीव्हीवर सांगितली असेल, तर जीसीव्हीवर ती साडेपन्नासच भरते. यंत्राचे उत्पादक बहुधा एनसीव्हीवर बोलतात, आपल्याकडच्या दरनिश्चितीचा हीट रेट जीसीव्हीवर असतो. अंजनवेलच्या वायूकेंद्राची कोळशाच्या केंद्राशी तुलना करणाऱ्या चर्चांमध्ये हा फरक सर्रास निसटतो.

आता कोळसा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते आणि कोकणात ती मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत हमखास होते.

कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे उष्मांक मोजणाऱ्या यंत्रात, जाळला जाणारा नमुना २१२ मायक्रॉनपर्यंत दळलेला आणि प्रयोगशाळेच्या हवेत सुकलेला असतो. त्याची जीसीव्ही हवेत सुकलेल्या कोळशाची असते. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर मोजलेलं वजन मात्र पावसात भिजलेल्या कोळशाचं. दोन्हींचा सरळ गुणाकार केला की पाण्यालाही उष्मांक मिळतो. म्हणून जीसीव्ही आधी ओल्या कोळशावर आणावी लागते: सुक्या नमुन्याची जीसीव्ही गुणिले (१०० वजा एकूण ओल), भागिले (१०० वजा सुक्या नमुन्यात उरलेली ओल). समजा सुक्या नमुन्याची जीसीव्ही ५,२०० आहे, त्यात उरलेली ओल १२ टक्के आणि पट्ट्यावरच्या कोळशाची एकूण ओल २४ टक्के. ५,२०० गुणिले ७६ भागिले ८८, म्हणजे सुमारे ४,४९० किलोकॅलरी. दुरुस्ती विसरली तर इंधनाची उष्णता जवळजवळ १६ टक्के जास्त दिसेल आणि तेवढाच हीट रेट फुगेल. एवढी मोठी चूक लगेच पकडली जाते. खरा त्रास एकूण ओल २४ ऐवजी २२ नोंदली जाण्याचा आहे. तेवढ्याने हीट रेट अडीच टक्क्यांहून जास्त हलतो आणि कुणाला संशयही येत नाही.

म्हणून ओलीचा नमुना पट्ट्यावरून घेतल्या घेतल्या हवाबंद पिशवीत भरावा, शक्यतो दुहेरी, आणि त्याच पाळीत वजन करावं. नमुना घेण्याची भारतीय रीत आयएस ४३६ या मानकात दिली आहे. तिचा गाभा असा की चालत्या प्रवाहातून, पट्ट्याच्या पूर्ण रुंदीतून, ठरावीक अंतराने अनेक छोटे वाटे घ्यायचे. ढिगावरून फावड्याने उचललेला कोळसा नमुना म्हणून चालत नाही, कारण मोठे तुकडे घरंगळून पायथ्याशी जमतात, बारीक भुगा वर राहतो आणि दोघांची राख आणि ओल वेगळी असते. कॅलरीमीटर बेंझोइक आम्लाने तपासलेला असावा. या आम्लाचा उष्मांक ग्रॅममागे ६,३१८ कॅलरी येतो. आपलं यंत्र तो किती दाखवतं हे दर आठवड्याला वहीत लिहिलेलं असेल तरच त्या प्रयोगशाळेच्या आकड्यावर माझा विश्वास बसतो.

पट्ट्यावरचा वजनकाटाही पावसाळ्यात बिघडतो. ओला बारीक कोळसा पट्ट्याला चिकटून राहतो, परतीच्या फेरीत पडत नाही आणि पुन्हा काट्यावरून जातो. तोच कोळसा दोनदा, तीनदा मोजला जातो. खरवडणारं पातं झिजलं असेल तर हे वाढतं. उपाय जुनाच आहे: रिकामा पट्टा पूर्ण फेऱ्या फिरवून शून्य तपासायचं, चाचणी साखळी टाकून वरचं टोक तपासायचं, आणि पावसाळ्यात हे महिन्याऐवजी आठवड्याला करायचं.

या अनिश्चिततेमुळे बॉयलरची कार्यक्षमता दुसऱ्या वाटेनेही काढावी. कोळसा न तोलता तोटे मोजायचे आणि शंभरातून वजा करायचे. आयात केलेल्या, जास्त ओलीच्या कोळशात सगळ्यात मोठा तोटा पाण्याचाच निघतो. वरच्याच कोळशात हायड्रोजन ३.७ टक्के धरला, तर किलोमागे ९ गुणिले ०.०३७ अधिक ०.२४, म्हणजे ०.५७ किलो पाणी वाफ होऊन चिमणीत जातं. प्रत्येक किलो वाफेबरोबर ६४० किलोकॅलरी जातात. एकूण तोटा आठ टक्क्यांवर. यातला सव्वातीन-साडेतीन टक्के भाग निव्वळ ओलीचा आहे. बोटीतून वेगळा कोळसा आला आणि बॉयलरची कार्यक्षमता टक्क्याने घसरली, तर चालवणाऱ्यांना जाब विचारण्याआधी ओल पाहावी. किनाऱ्यावरच्या दमट हवेचा वाटाही आहे, पण लहान. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला किलोभर हवेत सुमारे २२ ग्रॅम वाफ असते आणि तिचा तोटा ०.१८ टक्क्यांच्या आसपास येतो.

चिमणीकडे जाणाऱ्या वायूचं तापमान मोजताना एअर प्रीहीटरची (त्याच वायूच्या उष्णतेने बॉयलरची हवा तापवणाऱ्या यंत्राची) गळती हमखास फसवते. प्रीहीटरच्या आधी ऑक्सिजन ३.५ टक्के आणि नंतर ६ टक्के असेल, तर गळती (६ वजा ३.५) भागिले (२१ वजा ६) गुणिले ९०, म्हणजे १५ टक्के. ही थंड हवा वायूत मिसळून त्याचं तापमान खाली आणते. हवा ३५ अंशावर आत येत असेल आणि बाहेरचा तापमापक १३५ दाखवत असेल, तर गळती नसती तेव्हाचं तापमान १५० च्या जवळपास असतं. कागदावर बॉयलर चांगला दिसतो आणि तिकडे पंखे जास्त वीज खातात. वायूच्या तापमानात २२ अंश वाढ म्हणजे बॉयलरची एक टक्का कार्यक्षमता कमी, हा ढोबळ हिशेब धरला तर हे १५ अंश पाऊण टक्क्याच्या घरातले आहेत. मोठ्या डक्टमध्ये वायूचे थर पडतात, म्हणून एकाच जागचा ऑक्सिजन पुरत नाही. आडव्या-उभ्या जाळीत निदान बारा-सोळा ठिकाणी नळी घालून वाचन घ्यावं.

टर्बाइनच्या चाचणीत उपकरणांपेक्षा पूर्वतयारी जास्त वेळ खाते. भार स्थिर करायचा, सूट ब्लोइंग (नळ्यांवरची काजळी उडवणं) आणि ब्लोडाउन (बॉयलरमधलं पाणी सोडणं) थांबवायचं, मेकअप म्हणजे भरीचं पाणी बंद करायचं, वाफेच्या निचऱ्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने तपासून घट्ट करायचा. हॉटवेल, डीअरेटर आणि ड्रम या पाणी साठणाऱ्या टाक्यांची सुरुवातीची आणि शेवटची पातळी लिहायची. पाणी कुठे वाढलं, कुठे घटलं याचा मेळ लागला नाही तर दोन तासांची मेहनत वाया जाते. हीट रेटमधला सर्वांत संवेदनशील आकडा फीडवॉटरच्या, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाचा. तो मोजणाऱ्या नॉझलवर थर साचला की दाबफरक वाढतो आणि प्रवाह खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. प्रवाहातली एक टक्का चूक म्हणजे टर्बाइनच्या हीट रेटमधली एक टक्का चूक, मधे काही वाटेत जिरत नाही.

उच्च दाबाच्या आणि मध्यम दाबाच्या सिलिंडरची कार्यक्षमता थेट काढता येते, कारण आत-बाहेर दोन्हीकडे वाफ कोरडी असते. दाब आणि तापमान मिळालं की एन्थाल्पी (वाफेतली किलोमागची उष्णता) तक्त्यात सापडते. कमी दाबाच्या सिलिंडरला हे चालत नाही. तिथून बाहेर पडणारी वाफ ओली असते आणि ओल्या वाफेचा दाब कळला की तापमान आपोआप ठरतं, ओल किती ते कळत नाही. तिथली एन्थाल्पी उरलेल्या सगळ्या हिशेबाच्या वजाबाकीतून येते, म्हणून बाकीच्या सगळ्या चुका त्या एका आकड्यात गोळा होतात. या कमी दाबाच्या सिलिंडरची कार्यक्षमता दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहिलेली दिसली की मी आधी फीडवॉटरच्या नॉझलची तपासणी कधी झाली ते पाहतो.

किनाऱ्यावरच्या कोळसा केंद्राची खरी नाडी कंडेन्सर, म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड करून तिचं पाणी करणारं यंत्र. इथे समुद्र थेट हीट रेटमध्ये शिरतो.

पाणी २९ अंशावर आत आलं, ८ अंश तापून ३७ वर बाहेर पडलं, आणि वाफेचं तापमान त्याहून ४ अंश वर राहिलं, तर कंडेन्सरमध्ये ४१ अंश. त्या तापमानाला संपृक्त वाफेचा दाब ५८ मिलिमीटर पारा असतो. आता नळ्यांत शेवाळी थर बसला आणि तो ४ अंशांचा फरक ८ झाला, तर ४५ अंश आणि ७२ मिलिमीटर. साधारण साडेतेरा मिलिमीटरचा फटका. मोठ्या संचांत दर १० मिलिमीटरला हीट रेट एक टक्क्याच्या आसपास वाढतो. नेमका आकडा उत्पादकाच्या वक्रावरूनच घ्यावा. म्हणजे २,३०० च्या हीट रेटवर या चार अंशांत तीसेक किलोकॅलरी गेल्या. ३०० मेगावॅटचा संच ८० टक्के भाराने वर्षभर चालला आणि वर काढलेला ४,४९० चा कोळसा जाळला, तर दर १० किलोकॅलरीमागे सुमारे ४,७०० टन कोळसा वर्षाला जास्त लागतो. नळ्या साफ करण्यासाठी संच दोन दिवस बंद ठेवावा का, या वादात हा आकडा टेबलावर असावा.

नुसता व्हॅक्यूम पडला एवढं सांगून भागत नाही. त्याचे तीन भाग वेगळे करायचे. आत येणाऱ्या पाण्याचं तापमान हा समुद्राचा वाटा. ते मेमध्ये ३० च्या आसपास आणि थंडीत २६-२७ वर असतं, त्यात कुणाचा दोष नाही. पाण्याची तापवाढ हा प्रवाहाचा वाटा. तीच उष्णता असताना ८ ची १० झाली म्हणजे पाणी पाचव्या हिश्श्याने कमी येतंय: फिरत्या जाळ्या गाळाने, प्लास्टिकने, जेलीफिशने तुंबल्या, किंवा नळ्यांच्या तोंडाशी शिंपले अडकले. बाहेर पडणारं पाणी आणि वाफ यांच्यातला फरक हा नळ्यांचा आणि हवेचा वाटा. नळीतला थर आणि आत घुसलेली हवा यांची लक्षणं सारखी दिसतात. वेगळं करण्यासाठी व्हॅक्यूम पंपाकडे जाणारा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करून व्हॅक्यूम मिनिटाला किती मिलिमीटर पडतो ते मोजायचं. तो भराभर पडला तर हवा घुसते आहे, मग हेलियमने गळती शोधायची. हळू पडला तर नळ्यांकडे वळायचं: क्लोरीनचा डोस, नळ्या घासायला सोडलेले स्पंजचे गोळे किती परत येतात, गाळणीवरचा दाबफरक.

आता व्हॅक्यूम मोजण्यातल्या चुका. गेज वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत मोजतो. ६८० मिलिमीटर व्हॅक्यूम आहे आणि वातावरण ७६० धरलं, तर निरपेक्ष दाब ८०. पण ऐन पावसाळ्यात किनाऱ्यावर वायुभारमापक ७५२ दाखवत असेल, तर खरा दाब ७२. आठ मिलिमीटर केवळ हवामानाचे, आणि कंडेन्सर बिघडल्याचा अहवाल तयार. निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर लावावा, नाहीतर केंद्रातच बसवलेल्या वायुभारमापकाचं वाचन प्रत्येक नोंदीशेजारी लिहावं. ट्रान्समीटर टॅपिंगच्या (दाब घेण्याच्या छिद्राच्या) वरच्या बाजूला बसवावा आणि नळी सतत कंडेन्सरकडे उतरती ठेवावी. नळीत कुठे खळगा राहिला आणि त्यात १३६ मिलिमीटर उंचीचं पाणी साचलं, की वाचन १० मिलिमीटर पाऱ्याने चुकतं. खाऱ्या हवेत तारा जोडणाऱ्या जंक्शन बॉक्सची झाकणं, केबलच्या ग्लँड आणि टर्मिनल हिरवे पडतात. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचं वाचन चढ-उतार करत असेल तर थर्मोकपल बदलण्याआधी बॉक्स उघडून पाहावा.

पाण्याचा प्रवाह उष्णतेवरून काढताना समुद्राचं पाणी गोडं धरू नये. त्याची घनता १.०२५ आणि विशिष्ट उष्णता गोड्या पाण्याच्या ०.९५ पट, म्हणून घनमीटरमागे ते अडीच टक्क्यांच्या आसपास कमी उष्णता वाहून नेतं. ३०० मेगावॅटच्या संचाला ८ अंश तापवाढीला तासाला सुमारे ४२,००० घनमीटर पाणी लागतं, त्यात ही चूक हजारभर घनमीटरची होते. आणि भरती-ओहोटी. ओहोटीला पंपाला जास्त खालून पाणी ओढावं लागतं, प्रवाह कमी होतो, तापवाढ चढते. दक्षिण कोकणापेक्षा डहाणूच्या बाजूला भरतीचा पल्ला मोठा, तिथे हे अधिक जाणवतं. चाचणी दोन तासांची असेल तर पाणी स्थिर असण्याच्या वेळेभोवती घ्यावी आणि नोंदवहीत तिथी आणि समुद्राची पातळी यांचा रकाना असावा.

वायूच्या केंद्रांत समुद्र हवेतून येतो. गॅस टर्बाइनची क्षमता १५ अंश, ६० टक्के आर्द्रता आणि समुद्रसपाटीचा दाब या प्रमाण स्थितीला सांगितलेली असते. वर दर अंशाला सुमारे ०.७ टक्के उत्पादन घटतं, म्हणून कागदावरचं २५० मेगावॅटचं टर्बाइन ३२ अंशाच्या हवेत २२० च्या आसपास देतं. उरणला किंवा अंजनवेलला मोजलेला आकडा दुरुस्ती वक्रांनी प्रमाण स्थितीला नेल्यावरच मागच्या वर्षाशी ताडून पाहावा. हवा गार करून हे भरून काढावं म्हटलं तर कोकणात ते जमत नाही. विदर्भात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचा तापमापक २३ दाखवतो, म्हणजे बाष्पशीतकाला वीस अंशांची जागा आहे. इथे ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तो २९ दाखवतो. तीन अंशांसाठी एवढा पसारा घालावा का, हा हिशेब ज्याने त्याने करावा. मला तो पटत नाही.

मिठाचा त्रास त्याहून खोल आहे. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. फिल्टरवर सुकं बसलेलं मीठ द्रव होऊन कापडातून पलीकडे झिरपतं आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जाऊन बसतं. टर्बाइनच्या निम्म्याहून अधिक ताकद हा कॉम्प्रेसर फिरवण्यातच जाते, म्हणून पातीवरचा पातळ थरही उत्पादनात दिसतो. फिल्टरचा दाबफरक ठीक आहे म्हणून गाफील राहू नये. दाबाचं गुणोत्तर आणि कॉम्प्रेसरच्या बाहेरचं तापमान यांवरून त्याची आयसेंट्रॉपिक (आदर्श दाबणीच्या तुलनेतली) कार्यक्षमता रोज त्याच भाराला काढावी. ती उतरू लागली की थंड यंत्र निर्क्षारित पाण्याने धुवावं. धुतल्यावर जेवढी परत येते तेवढा थर होता, जी येत नाही ती झीज. पुढे हेच सोडियम इंधनातल्या गंधकाशी मिळून तप्त पात्यांना खातं, तेव्हा हे काम कार्यक्षमतेपुरतं उरत नाही.

पोफळीचं गणित अगदी वेगळं. तिथे इंधन म्हणजे कोयनेचं पाणी, आणि वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. ४७५ मीटर उंचीवरून ८८ टक्के कार्यक्षमतेने ते उतरवलं तर सव्वातीन कोटी युनिट वीज मिळते. कार्यक्षमता एक टक्क्याने वाढली तर टीएमसीमागे साडेतीन लाखांहून जास्त युनिट. सगळं पाणी एवढ्या उंचीवरून गेलं असं धरलं, तर वर्षाला दोन कोटी चाळीस लाखांच्या वर. पण डोंगरातल्या बोगद्यातला प्रवाह अचूक मोजणं अवघड. म्हणून खूप उंचीवरून उतरणाऱ्या पाण्याला आयईसी ६००४१ या आंतरराष्ट्रीय मानकातली तापमानाची पद्धत वापरतात: टर्बाइनमध्ये वाया गेलेली ऊर्जा पाण्यालाच गरम करते. ४२७ मीटर उंची म्हणजे एक अंश, त्यामुळे ४७५ मीटरला एक टक्का तोटा म्हणजे एका अंशाचा ०.०११ भाग. हजाराव्या भागापर्यंत वाचणारे तापमापक लागतात, आणि पाणी यंत्राच्या वर आणि खाली अनेक बिंदूंवर मोजावं लागतं, कारण टर्बाइनमधून पाणी बाहेर नेणाऱ्या कालव्यात ते नीट मिसळलेलं नसतं. बेअरिंग थंड करणारं पाणी मोजण्याच्या जागेआधी त्यात सोडलेलं असेल, तर सगळी चाचणी तेवढ्यानेच बिघडते.